इंजिनाची नाडी

वैद्य घरी आला की आधी काय करतो? हात धरतो, नाडी पाहतो, जीभ पाहतो. "कधीपासून दुखते? रात्री जास्त की दिवसा?" असे विचारतो. मगच औषध देतो. न पाहता, न विचारता औषध देणाऱ्या वैद्यावर कोणी विश्वास ठेवील का?

मोटारगाडीचेही तसेच आहे. गाडी उभी असताना इंजिन अडखळते. धडधडते, हिसके देते, मध्येच बंद पडते. हा इंजिनाचा आजारच. आधी तो ओळखावा, मग औषध करावे. आम्ही हे उलट केले. त्यात आमचे पैसे गेले आणि एकदा तर जिवावर बेतले. ती हकीकत या धड्यात सांगतो.

आमची जुनी गाडी

आम्ही छत्तीस वर्षे शाळेत शिकवले. मोटारीचे काम हा आमचा धंदा नव्हे. पण निवृत्त झाल्यावर आम्ही एक जुनी गाडी घेतली. १९९२ सालची प्रीमियर पद्मिनी.

ही गाडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी बहुतेक याच गाडीच्या होत्या. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली मोटारी बनवणारी कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. गाडीचा नमुना इटलीतल्या फियाट कंपनीचा. म्हणून लोक हिला 'फियाट' असेच म्हणत. आता ती बनत नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या टॅक्सीही २०२३ साली गेल्या. तरी गावोगावी काही गाड्या अजून जपून ठेवलेल्या आहेत.

आमची वाडी रस्त्यापासून आड आहे. त्यामुळे ही गाडी आमची एकट्याची राहिली नाही. कोणाला विंचू चावला, कोणाची बाळंतपणाची वेळ आली, की गाडी निघायची. ती चालवायला वाडीतलाच एक गडी होता. चाळिशीचा. हात कामसू, पण शाळेचे तोंड न पाहिलेला. आमच्या रात्रीच्या वर्गात तो अक्षरे शिकत होता. या गोष्टीत खरा वैद्य तोच ठरला. कसा, ते पुढे येईल.

फाटकापाशी काय झाले

२०१८ सालचा पावसाळा. गाडी महिनाभर त्रास देत होती. रस्त्याने चांगली पळे. पण वेग कमी करून उभी केली की इंजिन अडखळे. सगळी गाडी थरथरे. कधी कधी बंदच पडे.

आम्ही ती तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रीने बॉनेट उघडले आणि लगेच सांगितले, "गुरुजी, कार्बुरेटर गेलाय. नवा टाका." आम्ही मान डोलावली. साडेतीन हजार रुपये दिले. गाडी घरी आणली. दोन दिवसांनी पुन्हा तेच! पुन्हा गेलो. त्याने एक स्क्रू फिरवून रेस वाढवून दिली. गाडी मोठ्याने घोंघावू लागली. थरथर थोडी लपली. पेट्रोल मात्र जास्त जाऊ लागले. पुढे पंधरवड्यात ती मोठ्या रेसवरही बंद पडू लागली.

मग एका संध्याकाळी शेजारची वहिनी अडली. रुग्णवाहिका दुसऱ्या रोग्याला घेऊन गेली होती. आम्ही गाडी काढली. वाटेत रेल्वेचे फाटक लागते. ते बंद होते. गाडी उभी राहिली. उभी राहिली म्हणजे दुखणे आलेच. इंजिनाने दोन हिसके दिले आणि ते बंद पडले.

रेल्वे गेली. फाटक उघडले. गाडी सुरू होईना. आमचा गडी पुन्हा पुन्हा चावी फिरवी. शेवटी बॅटरीच उतरली. मागे वहिनी कळा सोसत होती. तिची सासू देवाचे नाव घेत होती. बाहेर पाऊस. शेवटी मागच्या ट्रकमधली माणसे उतरली आणि त्यांनी गाडी ढकलली. गाडी सुरू झाली. आम्ही वेळेवर पोहोचलो. बाळ आणि बाळंतीण सुखरूप राहिली.

पण तो पाव तास आम्ही विसरलेलो नाही. त्या रात्री आम्ही ठरवले, आता अंदाजाने एक पैसाही खर्च करायचा नाही. आधी दुखणे ओळखायचे.

इंजिन आत काय करते?

दुखणे ओळखायचे तर अंग कसे चालते ते ठाऊक हवे. म्हणून थोडे आत डोकावू.

पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, चांगला दाब आणि वेळेवर ठिणगी. तिन्हींचा मेळ बसला की इंजिन सुरळीत चालते. एक चुकली की अडखळते.

आमच्या गाडीच्या इंजिनात चार नळकांडी आहेत. त्यांना सिलिंडर म्हणतात. प्रत्येक सिलिंडर चार कामे करतो. पहिले, मिश्रण आत ओढतो. दुसरे, ते दाबतो. तिसरे, ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि जोर निर्माण होतो. चौथे, धूर बाहेर टाकतो. या चार कामांत इंजिनाचे दोन फेरे होतात.

आता हिशेब करू. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे करते. दोन फेऱ्यांत चारही सिलिंडर एकेकदा पेटतात. म्हणजे मिनिटाला १,६०० ठिणग्या. सेकंदाला जवळ जवळ २७! आपण एकदा डोळा मिचकावतो, तेवढ्यात पाच-सहा ठिणग्या पडून जातात.

चार बैलांचा नांगर आठवा. चारही बैल ओढतात तोवर नांगर सरळ जातो. एकाने मान टाकली की नांगर हिसके देतो. इंजिनातला एक सिलिंडर पेटला नाही की तसेच होते. मिस्त्री लोक त्याला म्हणतात, 'गाडी मिसिंग करते.'

आता मिश्रण पाहू. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. लिटरभर पेट्रोल पाऊण किलो भरते. त्याला अकरा किलो हवा लागली. हवा हलकी असते. म्हणून अकरा किलो हवा म्हणजे सुमारे ९,००० लिटर. दोनशे लिटरचे डिझेलचे पिंप आपण पाहिलेले आहे. तशी पंचेचाळीस पिंपे भरून हवा, एक लिटर पेट्रोलला! हे माप जुळवण्याचे काम कार्बुरेटर करतो. चोक हे त्याचेच एक झाकण. चोक ओढला की हवा कमी होते आणि पेट्रोलचा वाटा वाढतो. थंड इंजिन सुरू करताना म्हणूनच चोक ओढतात.

उभ्या गाडीतच दुखणे का दिसते?

पुष्कळांना हा प्रश्न पडतो. "गाडी पळते तर छान! मग उभी असतानाच काय होते?"

वरणाचे उदाहरण घ्या. पंगतीच्या हंड्यात तांब्याभर पाणी जास्त पडले तर कोणाला कळत नाही. तेच तांब्याभर पाणी वाटीभर वरणात ओता. वरण राहतच नाही, नुसते पाणी होते.

गाडी पळते तेव्हा इंजिन पुष्कळ हवा ओढते. कुठल्या फटीतून थोडी चोरटी हवा आत शिरली, तरी ती हंड्यातल्या तांब्यासारखी. कळत नाही. गाडी उभी असते तेव्हा हवेची वाट जवळ जवळ बंद असते. इंजिन जेमतेम वाटीभर हवा घेते. तेव्हा तीच चोरटी हवा मिश्रण पातळ करून टाकते. पातळ मिश्रण धड पेटत नाही. म्हणून बारीक दुखणे उभ्या गाडीत आधी दिसते.

यासाठीच उभ्या गाडीचा आवाज म्हणजे इंजिनाची नाडी. ती ऐकायला शिका.

हात लावण्याआधी

तपासणी करताना पुढील नियम कटाक्षाने पाळा.

गाडी मोकळ्या जागेत उभी करा. बंद गोठ्यात किंवा पडवीत इंजिन चालू ठेवू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही.

हातब्रेक ओढा. गिअर मोकळा ठेवा. चाकाला दगड लावा.

धोतराचा सोगा, पदर, उपरणे, सैल बाही पंख्याजवळ जाऊ देऊ नका.

विडी, काडेपेटी दूर ठेवा. इंजिन चालू असताना प्लगच्या वायरीला हात लावू नका. तिच्यात हजारो व्होल्टची वीज असते.

गडीमाणसाची वही

फाटकाच्या प्रसंगानंतर आम्ही गाडी तपासायला बसलो. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. आम्ही मनात म्हटले, ओल लागली असणार. वायरी पुसल्या, वाळवल्या. गुण नाही.

तेव्हा आमचा गडी जरा लाजत म्हणाला, "गुरुजी, मी लिहून ठेवलंय. दाखवू का?"

"काय लिहिलंस रे?"

"गाडी कधी बिघडते ते. तुम्हीच वर्गात म्हणाला होतात ना, रोज चार ओळी लिहा म्हणून. मला दुसरं काय सुचणार? गाडीचंच लिहिलं."

त्याने वही पुढे केली. अक्षर वाकडेतिकडे. पण मजकूर असा होता:

"सोमवार. चोक ओढून चालू केली. चोक आत सारला. अडखळली.

मंगळवार. लांबून आलो. गाडी तापली होती. उभी केली. अडखळली. चोक जरा ओढला. नीट झाली.

बुधवार. पाऊस नाही. ऊन आहे. तरी तेच.

गुरुवार. घाटात चांगली ओढते. वर येऊन उभी केली. बंद पडली."

आम्ही ती वही तीनदा वाचली. गाडीवर साडेतीन हजार खर्च करून जे कळले नव्हते, ते या चार दिवसांच्या ओळींत होते. कसे ते पाहा.

बुधवारची ओळ सांगते: ऊन असतानाही तेच. म्हणजे ओलीचा दोष नाही.

गुरुवारची ओळ सांगते: घाटात चांगली ओढते. म्हणजे चारही सिलिंडर जोर लावतात. ठिणगी कमजोर असती तर चढावर, ओझ्याखाली गाडी जास्त रडली असती. दाब गेला असता तर घाटात दम लागला असता. म्हणजे ठिणगी आणि दाब बहुतेक ठीक.

मंगळवारची ओळ सर्वांत मोलाची. इंजिन तापलेले असताना चोक लागू नये. तरी चोक ओढल्यावर ते सुधारले. चोक ओढला म्हणजे हवा कमी झाली. म्हणजे मुळात हवा जास्त होती किंवा पेट्रोल कमी पडत होते.

आता दोनच संशयित उरले. एक, कार्बुरेटरातले बारीक छिद्र तुंबले असेल. उभ्या गाडीला त्याच छिद्रातून पेट्रोल मिळते. त्याला स्लो जेट म्हणतात. दुसरा, कुठून तरी चोरटी हवा आत शिरत असेल. कार्बुरेटर तर कोरा करकरीत होता. म्हणून पहिला संशय मागे पडला. राहिली चोरटी हवा.

चोर सापडला

कार्बुरेटर जिथे इंजिनाला जोडलेला असतो तिथे एक पॅकिंग असते. हवा शिरू नये म्हणून ते मध्ये बसवतात.

आम्ही इंजिन चालू केले. ते नेहमीसारखे अडखळत होते. गड्याने कुंचल्याने जाड इंजिन ऑइलचे चार थेंब त्या सांध्याला लावले. पुढून लावले, फरक नाही. डाव्या अंगाने लावले, फरक नाही. मागच्या अंगाला लावले आणि आवाज बदलला! इंजिन घटकाभर सुरळीत चालले. तेल आत ओढले गेले आणि पुन्हा अडखळले.

"सापडला!" गडी ओरडला.

इंजिन बंद करून आम्ही ते थंड होऊ दिले. मग कार्बुरेटर उतरवला. खालचे पॅकिंग मागच्या बाजूला चिरलेले होते. नवा कार्बुरेटर बसवताना जुनेच चिरलेले पॅकिंग खाली ठेवले होते. नवी चूल मांडली, पण फुटके धुराडे तसेच ठेवले, असा प्रकार झाला.

नवे पॅकिंग चाळीस रुपयांना मिळाले. ते बसवले. नट आलटून पालटून सारखे आवळले. वाढवलेली रेस पुन्हा कमी केली. इंजिन असे चालू लागले की बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातले पाणी जेमतेम हलत होते.

कंपनीचा यात दोष नव्हता. वस्तू जुनी झाली की पॅकिंग चिरते, रबर कडक होते. दोष आमचा होता. आम्ही विचारले नाही, पाहिले नाही, लिहिले नाही.

एक सावधगिरी. काही लोक सांधा तपासायला पेट्रोल किंवा रॉकेल शिंपडतात. तसे कधीही करू नका. एक ठिणगी पुरते आणि गाडी पेटते. तेलाचे थेंबही सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर पडू देऊ नका.

तुमच्या गाडीचे दुखणे वेगळे असेल तर?

सगळ्या गाड्यांचे दुखणे एक नसते. म्हणून तपासणीचा क्रम सांगतो. सोप्याकडून अवघडाकडे, फुकटाकडून महागाकडे जायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

पहिले, कान द्या. 'फट्... फट्... फट्' असा ठरावीक ठेक्यात खंड पडतो का? मग बहुधा एकच सिलिंडर पेटत नाही. इंजिन कधी चढते, कधी उतरते, असे हेलकावे घेते का? मग हवा-पेट्रोलच्या मापात संशय धरा.

दुसरे, डोळ्यांनी पाहा. सैल वायर, चिरलेला रबरी पाईप, ढिला नट आहे का? एअर फिल्टर धुळीने भरला आहे का? आपल्या मातीच्या रस्त्यांवर तो लवकर भरतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरा चुरा जमला आहे का?

तिसरे, धूर पाहा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. निळसर धूर म्हणजे इंजिनातले तेल जळते आहे. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ दिसते, तिची चिंता नको.

चौथे, प्लग काढून पाहा. इंजिन थंड असू द्या. प्रत्येक वायरीला खडूने आकडा घाला, नाहीतर अदलाबदल होते. प्लगचे तोंड फिकट तपकिरी असेल तर तब्येत चांगली. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. तेलकट असेल तर आत तेल शिरते आहे. पांढरे फटक असेल तर मिश्रण पातळ असेल. पेट्रोलने ओला असेल तर तो सिलिंडर पेटतच नाही.

पाचवे, मेलेला सिलिंडर ओळखा. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा. तिच्या टोकाला एक जादा प्लग लावा आणि त्याचे लोखंड इंजिनाला टेकवून ठेवा. जवळपास पेट्रोल सांडलेले नाही, हे आधी पाहा. मग इंजिन चालू करा. आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच आळशी बैल. असे चारही पाहा.

आता त्या आळशी सिलिंडरचा प्लग शेजाऱ्याला लावा आणि शेजाऱ्याचा त्याला. दोष प्लगबरोबर शेजारी गेला तर प्लग खराब. दोष जागेवरच राहिला तर वायर, डिस्ट्रिब्युटरची टोपी किंवा आतला दाब तपासायला हवा. टोपीला केसासारखी चीर असली तरी पावसाळ्यात वीज भलत्या वाटेने जाते. आतले पॉईंट जळले असतील तर ठिणगी अशक्त होते.

सहावे, चोकची खूण पाहा. तापलेले इंजिन चोक ओढल्यावर सुधारले तर चोरटी हवा शोधा किंवा स्लो जेट साफ करा. जेटमध्ये तार घालू नका. छिद्र मोठे होते आणि माप कायमचे बिघडते. हवेचा झोत मारा.

सातवे आणि शेवटचे, स्क्रू. कार्बुरेटरचे स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवावे. फिरवण्याआधी ते किती फेऱ्यांवर आहेत ते मोजून लिहून ठेवावे. म्हणजे चुकले तरी परत जागेवर आणता येते. आधीच स्क्रू फिरवला तर खरे दुखणे लपते. तापावर गोळी दिली, ताप उतरला, पण आतली जखम चिघळत राहिली, तसे होते.

इतके करूनही गुण आला नाही तर व्हॉल्व्ह, टॅपेट किंवा दाब यांचे काम असेल. ते जाणत्या मिस्त्रीचे काम. तिथे आपण हात घालू नये. पण मिस्त्रीकडे जाताना आपली वही न्यावी. जाणता मिस्त्री ती वाचून खूश होतो. फसवणारा मात्र वही पाहून जपून बोलतो.

अलीकडच्या नव्या गाड्यांत कार्बुरेटर नसतो. पेट्रोलचे माप यंत्र ठरवते. तिथे दोष शोधायलाही वेगळे यंत्र लागते. पण हवा, ठिणगी आणि दाब हे तीन नियम त्याही गाडीला सुटलेले नाहीत.

आणखी एक फायदा. पेट्रोल गाडीची धुराची तपासणी, जिला आपण पीयूसी म्हणतो, ती गाडी उभी असताना चालू ठेवूनच करतात. नाडी सुरळीत असेल तर धूरही कमी, पेट्रोलही कमी आणि दाखलाही विनासायास मिळतो.

शेवटी

आमचा गडी आता वाचायला अडत नाही. त्याची ती वही अजून गाडीच्या खणात असते. आता तिच्यात तेल कधी बदलले, प्लग कधी साफ केले, पेट्रोल किती लागले, सगळे लिहिलेले असते. वाडीतले लोक पंपाचे इंजिन बिघडले तरी त्याला बोलावतात. तो आधी विचारतो, "कधी बिघडतं? काय केल्यावर सुधारतं? लिहून ठेवलंय का?"

एकदा आम्ही त्याला म्हटले, "तू तर गावचा मिस्त्री झालास."

तो हसला. म्हणाला, "गुरुजी, मी मिस्त्री नाही. मी फक्त लिहून ठेवतो."

वाचकहो, अक्षर शिकल्याचा हाही उपयोग आहे. पत्र लिहावे, सही करावी, हिशेब पाहावा, हे तर आहेच. पण जे रोज डोळ्यांसमोर घडते आणि विसरून जाते, ते लिहून ठेवले तर चार दिवसांनी तेच आपल्याला उत्तर सांगते. गाडीचे दुखणे असो, गाईचे असो की पिकाचे असो.

शब्द समजून घ्या

मिश्रण – दोन गोष्टी एकत्र केलेल्या.
रेस – इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग.
चोरटी हवा – नको त्या फटीतून आत शिरणारी हवा.
पॅकिंग – सांध्यातून हवा किंवा तेल जाऊ नये म्हणून मध्ये बसवतात ते.
जेट – पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र.

उत्तरे द्या

१. इंजिनाला कोणत्या तीन गोष्टी लागतात?
२. चोरटी हवा उभ्या गाडीतच जास्त त्रास का देते? वरणाचे उदाहरण देऊन सांगा.
३. मंगळवारच्या ओळीवरून काय कळले?
४. बंद जागेत इंजिन का चालू ठेवू नये?
५. एका वेळी एकच गोष्ट का बदलावी?

करून पाहा

तुमच्या घरी गाडी, पंप किंवा शिलाईचे यंत्र आहे का? ते कसे चालते, हे आठ दिवस रोज दोन ओळींत लिहा. आठव्या दिवशी सगळे वाचा आणि शेजाऱ्याला वाचून दाखवा.